कोरीवकामाचे यंत्र निवडताना

गेल्या दिवाळीनंतर आपल्या विद्यालयाच्या एका माजी विद्यार्थ्याचा अमेरिकेतून दूरध्वनी आला. वसतिगृहाच्या आवारात दर रविवारी भरणाऱ्या काष्ठकलेच्या छंदवर्गाविषयी त्याच्या ऐकण्यात आले होते आणि या वर्गासाठी विजेवर चालणारे एखादे कोरीवकामाचे यंत्र तिकडून पाठवावे, अशी त्याची इच्छा होती. "सर, कोणते घेऊ तेवढे सांगा," इतकाच त्याचा प्रश्न होता. आठ दिवसांत कळवतो, असे आम्ही म्हणालो आणि त्या आठ दिवसांचे चार महिने झाले. त्यात थोडा आळस होता, हे नाकारत नाही; पण खरे कारण असे की, या प्रश्नाचे उत्तर आम्ही यापूर्वी दोनदा चुकवले होते आणि तिसऱ्यांदा चुकण्याची आमची तयारी नव्हती. मधल्या काळात दोन पालकांनी आणि निवृत्तीनंतर हा छंद जोपासू इच्छिणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्यानेही हेच विचारले. तेव्हा सर्वांना मिळून एकच लेखी उत्तर द्यावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

आम्ही अभियंते नाही. आमचा विषय इतिहास, आणि लाकडाशी आमचा संबंध जडला तोही इतिहासाच्या तासामुळेच. कार्ल्याच्या सहलीत चैत्यगृहाच्या छताला आजही टिकून असलेल्या प्राचीन लाकडी फासळ्या आम्ही मुलांना दाखवत होतो. तेथील एका शिलालेखात धेनुकाकट येथील सामी नावाच्या वढकीने, म्हणजे सुताराने, दरवाजाचे काम केल्याची नोंद आहे, हेही सांगितले. त्यावर आठवीतील एका मुलीने विचारले, "सर, सुताराचे नाव राहिले, मग त्याचे हत्यार कुठे आहे?" याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. परत आल्यावर गावातील एका वयोवृद्ध सुतारकाकांना विनंती केली आणि चार पटाश्या, एक लाकडी हातोडा आणि शिवणीच्या लाकडाचे काही तुकडे एवढ्यावर वर्ग सुरू झाला.

म्हणून ज्याला यंत्र घ्यायचे आहे त्याला आमचे पहिले सांगणे असे की, त्याने निदान सहा महिने पटाशीने कोरावे. लाकडाचे तंतू कोणत्या दिशेने धावतात, कोठे पटाशी सहज सरकते आणि कोठे ती लाकूड उचकटते, हे हाताला पटाशीच शिकवते. फिरणारे यंत्र तंतूंची पर्वा न करता सर्व बाजूंनी सारखेच खरवडत जाते. ही त्याची मोठी सोय आहे. पण ज्याने आधी तंतू ओळखलेले नाहीत त्याच्या कामात पुढे पातळ कडा तुटतात, पानाची टोके गळून पडतात, आणि असे का झाले हे त्याला कळत नाही.

आता आमची पहिली चूक. वर्ग सुरू होऊन वर्ष झाले तेव्हा एका हितचिंतकाने थोडी रक्कम दिली. आम्ही जवळच्या शहरातील एका दुकानात गेलो आणि "लाकूड कोरायचे यंत्र द्या" एवढेच बोललो. दुकानदाराने अँगल ग्राइंडर पुढे ठेवला आणि त्यासोबत लाकूड कापणाऱ्या साखळीचे दाते कडेला बसवलेली एक चकती दिली. लोखंडी जाळ्या बसवणाऱ्यांच्या हाती दिसतो तोच हा ग्राइंडर. साधारण 100 मिलिमीटर व्यासाची चकती, मिनिटाला सुमारे 11,000 फेरे. हिशेब केला तर चकतीची कड सेकंदाला 57 मीटरहून अधिक वेगाने पळत असते. तो हिशेब आम्ही नंतर केला. त्या दिवशी मात्र आंब्याचा ओंडका दोन विटांमध्ये टेकवून आमच्यातील एका शिक्षकांनी यंत्र चालू केले. चकतीच्या वरच्या कडेचा दाता लाकडात अडकला आणि डोळ्याचे पाते लवण्याआधी यंत्र उसळून त्यांच्या मांडीवर आले. पँट वीतभर फाटली आणि कातडीवर एक लांब ओरखडा उठला. दैव बलवत्तर, एवढेच म्हणायचे. सुतारकाका शांतपणे म्हणाले, "गुरुजी, हे तोडायचं हत्यार आहे. कोरायचं न्हवं."

त्यांचे म्हणणे अर्धे खरे होते. अँगल ग्राइंडरही कोरीवकामाचे यंत्र आहेच, परंतु ते मोठ्या कामाचे आहे. दोन-तीन फुटी ओंडक्यातून आकृतीचा ढोबळ आकार काढायचा असेल, मोठी लाकडी परात खोल करायची असेल किंवा बसण्याच्या फळीला खोलगट वळण द्यायचे असेल, तर पटाशीचे चार दिवसांचे काम ते तासाभरात करते. त्यासाठी साखळीच्या दात्यांऐवजी टंगस्टन कार्बाइडचे बारीक काटे असलेली चकती घ्यावी. ती लाकडात रुतण्याऐवजी खरवडत जाते, त्यामुळे उसळण्याचा धोका पुष्कळ कमी होतो, अर्थात पूर्ण जात नाही. यंत्राचे संरक्षक कवच कधीही काढू नये, दोन्ही हातांनी धरावे आणि लाकूड क्लॅम्पने घट्ट आवळलेले असावे. ज्यांच्या कामाची सर्वांत मोठी लांबी वीतभर आहे, त्यांनी मात्र या यंत्राच्या वाटेला जाऊ नये. छंद म्हणून कोरणाऱ्यांपैकी बहुसंख्यांचे काम वीतभरच असते, आणि ही गोष्ट आम्ही दुकानात जाण्यापूर्वी स्वतःला विचारली नव्हती.

खरा प्रश्न तोच आहे. यंत्र किती वॅटचे, मिनिटाला किती फेरे घेणारे, हे पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेले असते. आपल्याला एका बैठकीत किती लाकूड काढायचे आहे, हे कोठेही छापलेले नसते. नावाची पाटी, उठावाचे पिंपळपान, तळहाताएवढा हत्ती आणि गुडघ्याएवढी उभी मूर्ती ही चार कामे चार वेगळ्या यंत्रांची आहेत. जो चारही कामे करणारे एकच यंत्र शोधतो, त्याच्या हाती बहुधा चारही कामे अर्धवट करणारे यंत्र येते.

लहान कामाची यंत्रे मुळात दंतवैद्याच्या खोलीतून आली आहेत. अमेरिकेतील जेम्स मॉरिसन यांनी 1871 मध्ये पायाने चालवायच्या दंतयंत्राचे पेटंट घेतले. शिलाई यंत्राप्रमाणे पायटा दाबायचा आणि त्याने दाताला भोक पाडणारे टोक फिरायचे, अशी ती रचना होती. पुढे 1875 मध्ये जॉर्ज ग्रीन यांनी विजेवर चालणाऱ्या दंतयंत्राचे पेटंट मिळवले. मोटर एका जागी आणि फिरणारे टोक दुसऱ्या जागी, मधे वाकू शकणारा फिरता दांडा, ही कल्पना दंतवैद्यांनी रुळवली आणि ती सोनार, घड्याळजी, साचे करणारे कारागीर यांच्यापर्यंत पोहोचली. अमेरिकेतील फोरडम कंपनी 1922 पासून अशी यंत्रे बनवत आहे. त्यानंतर दहा वर्षांनी, 1932 मध्ये, अल्बर्ट ड्रेमेल यांनी रेसिन या शहरात आपली कंपनी काढली आणि सारी मोटरच मुठीत मावेल असे छोटे यंत्र लोकप्रिय केले. आज आपल्याकडे अशा कोणत्याही हातातील छोट्या यंत्राला लोक सर्रास ड्रेमेलच म्हणतात, मग त्याच्यावर नाव कोणाचेही असो.

प्रथम या हातातील यंत्राविषयी. ते सहज मिळते, किंमत आवाक्यातली असते आणि घरातील इतर दहा किरकोळ कामांनाही येते. मिनिटाला 5,000 पासून 35,000 पर्यंत फेरे घेणारी यंत्रे यात आहेत. पाटीवरील अक्षरे, लहान उठावाचे नक्षीकाम, कोरलेल्या भागाची सफाई एवढे त्याने होते. दोष दोन. एक, मोटर हातातच असल्याने अर्धा-पाऊण किलोचे वजन बोटांनी पेलायचे असते आणि तासाभरात मनगट भरून येते. मोटर तापली की मूठही तापते. दुसरा दोष अधिक महत्त्वाचा. त्याचा जोर वेगात आहे, पिळात नाही. शिसवासारख्या कठीण लाकडावर थोडे दाबले की त्याची गती मंदावते, नवशिक्या आणखी दाबतो आणि मोटर जळते. आमची दुसरी चूक हीच होती. दीड वर्षात अशी दोन यंत्रे आम्ही संपवली आणि दोष यंत्रांना देत राहिलो.

लवचीक दांड्याचे यंत्र हे आमच्या मते छंदासाठी घ्यावयाचे पहिले यंत्र. यात मोटर खुंटीला टांगलेली असते. तिच्यापासून सुमारे मीटरभर लांबीची वेटोळी नळी खाली येते. नळीच्या आत पोलादी तारांचा पीळ दिलेला दांडा फिरतो आणि शेवटी पेनासारखी धरायची मूठ असते. गती पायाखालच्या पेडलने कमी-जास्त करायची. हातावर मोटरचे वजन नाही, दोन्ही हात मोकळे, आणि पाय उचलताच टोक थांबते. हे शेवटचे सर्वांत मोलाचे आहे, कारण घाबरलेला माणूस बटण शोधत बसत नाही, पाय मात्र आपोआप उचलतो. फेरे मिनिटाला 15 ते 18 हजारांच्या घरात, म्हणजे हातातील यंत्राच्या निम्मे. पण मोटर मोठी असल्याने कठीण लाकडातही ती अडत नाही. आपल्याकडे सोनारांच्या हत्यारांच्या दुकानांत हे यंत्र टांगती मोटर या नावाने मागितले तर मिळते. दागिन्यांसाठी विकल्या जाणाऱ्या सर्वांत लहान मोटरपेक्षा एक पायरी वरची घ्यावी, एवढेच लक्षात ठेवावे.

त्याचीही काळजी असते. नळी तीव्र कोनात वाकवली की आतला दांडा घासून तापतो. म्हणून मोटर डोक्याच्या उंचीवर, अशी टांगावी की नळी मोठ्या वळणाने खाली येईल. आतल्या दांड्याला अधूनमधून ग्रीस हवे, परंतु भरमसाट नको. जास्तीचे ग्रीस मुठीतून गळून कोऱ्या लाकडावर डाग पाडते. (आमच्या पहिल्या पिंपळपानावरचा तो डाग आजही कार्यालयात टांगलेला आहे. पाहुण्यांना आम्ही ती लाकडाची नैसर्गिक छटा असल्याचे सांगतो.) मोटरीतील कार्बन ब्रश झिजले की ठिणग्या दिसू लागतात, ब्रश बदलणे पाच मिनिटांचे काम आहे.

तिसरा प्रकार मायक्रोमोटर, दंतवैद्यकीय प्रयोगशाळांत कवळ्या घासण्यासाठी वापरतात तो. एक छोटी पेटी आणि तिला वायरने जोडलेली हलकी मूठ. मिनिटाला 35 ते 50 हजार फेरे आणि कंप जवळजवळ नाहीच. पक्ष्याच्या पिसातील रेषा, केसांच्या बटा, बोटांची नखे अशा कामात त्याला तोड नाही. लाकूड काढण्याच्या कामात मात्र ते दुबळे आहे. आकार काढून झालेल्यांनी घ्यायचे हे दुसरे यंत्र. दाबलेल्या हवेवर मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेणारी दंतवैद्याची टर्बाइन मूठही काहीजण वापरतात. तिच्यासाठी स्वच्छ, कोरडी हवा देणारा कॉम्प्रेसर लागतो, म्हणून छंदवर्गाच्या दृष्टीने तिचा विचार येथेच सोडतो.

यंत्रापेक्षा त्याच्या टोकाला बसणारा बिट अधिक काम करतो, हे आम्हाला फार उशिरा उमगले. चांगले यंत्र आणि भिकार बिट या जोडीपेक्षा साधे यंत्र आणि चांगला बिट ही जोडी केव्हाही सरस. पोलादी बिट स्वस्त असतो, पण सागवानात वाळूसारखे सिलिकेचे कण असतात आणि ते पोलादाची धार थोड्याच वेळात मारतात. टंगस्टन कार्बाइडचे काटेरी बिट महाग, परंतु वर्षानुवर्षे टिकतात; लाकूड झपाट्याने काढायला तेच हवेत. हिऱ्याची भुकटी लावलेले बिट बारीक रेषा आणि सफाईसाठी. चिकट लाकडात काट्यांमध्ये राळ साचून बिट कापण्याऐवजी घासू लागतो, धूर येतो आणि लाकूड काळे पडते. अशा वेळी जोर वाढवू नये. बिट काढून पितळी ब्रशने साफ करावा.

बिटाच्या गतीचे गणित आठवीच्या मुलालाही समजेल. 3 मिलिमीटर व्यासाचा बिट मिनिटाला 30,000 फेरे घेतो तेव्हा त्याची कड सेकंदाला जेमतेम पावणेपाच मीटर जाते. तोच वेग ठेवून 25 मिलिमीटरचा बिट लावला तर कड 39 मीटरांवर जाते. पहिला सुरळीत कापतो, दुसरा हातातून निसटू पाहतो, लाकूड जाळतो आणि त्याचा दांडा वाकण्याची शक्यता असते. म्हणून बारीक बिटाला जास्त गती आणि मोठ्या बिटाला कमी गती; बिटाच्या पाकिटावर कमाल फेरे दिलेले असतात, ते ओलांडू नयेत. दिशाही पाहावी. बिट फिरतो त्याच्या उलट दिशेने हात ओढला की तो ताब्यात राहतो; त्याच्याच दिशेने हात गेला तर चाकासारखा लाकडावरून धावत सुटतो. बिट धावू लागला की समजावे, हात चुकीच्या बाजूला चालला आहे.

येथपर्यंतचे सारे आम्ही शिकलो, लवचीक दांड्याचे यंत्र घेतले, काम सुबक होऊ लागले. मग जे घडले ते पालकांनी वाचावे असे आम्हाला वाटते.

आमचा वर्ग त्या वेळी वसतिगृहालगतच्या जुन्या कोठारात भरत असे. कोठार आणि मुलांची झोपण्याची खोली यांच्यामधील भिंत छतापर्यंत गेलेली नव्हती. वर हातभर फट होती. रविवारी दुपारभर यंत्र चालायचे. जमिनीवर पडलेला भुसा आम्ही संध्याकाळी झाडून काढायचो आणि खोली स्वच्छ झाली, असे समजायचो. एका हिवाळ्यात लागोपाठ तीन रविवारी रात्री सहावीच्या एका मुलाला धाप लागली. त्याला दमा होता, हे प्रवेशअर्जात लिहिलेले होते. तिसऱ्या वेळी त्याची आई आली. तिने कोणावर आवाज चढवला नाही. मुलाच्या उशीचा अभ्रा तिने आमच्यासमोर झटकला आणि विचारले, "सर, ही धूळ कशाची?" अभ्र्यातून तांबूस, पिठासारखी धूळ उडाली. ती सागवानाची होती.

फिरणारा बिट लाकूड कापतो म्हणजे त्याचे पीठ करतो. त्यातले जाड कण खाली पडतात. डोळ्यांना न दिसणारे कण तासन्‌तास हवेत तरंगत राहतात आणि थेट फुप्फुसांत उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच लाकडाच्या धुळीची नोंद मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केली. नाकाच्या पोकळीतील कर्करोगाशी तिचा संबंध प्रस्थापित झालेला आहे. सागवान आणि शिसवाची धूळ अनेकांच्या त्वचेला आणि श्वासनलिकेला अधिकच सोसत नाही. कोरणाऱ्याने एन-95 किंवा त्याहून चांगला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लावावा. तोंडाला गुंडाळलेल्या रुमालाचा उपयोग नाही, आणि टेबलपंखा तर धूळ सगळीकडे वाटून देतो. पण मास्क कोरणाऱ्याच्या तोंडावर असतो. भिंतीपलीकडे झोपलेल्या मुलाच्या तोंडावर तो नसतो, हा विचार आमच्या मनात आला नव्हता. चूक आमची होती, यंत्राची नव्हे.

तीन महिने वर्ग बंद राहिला. त्यानंतर तो आवाराच्या टोकाला, विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोलीत हलवला. खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला आणि कामाची जागा त्या खिडकीच्या अगदी समोर ठेवली. आणि यंत्राच्या निवडीचा विचार नव्याने केला, तेव्हा सुतारकाकांनीच विचारले की, पटाशीला मोटर लावता येत नाही का. येते, आणि असे यंत्र पूर्वीपासून बाजारात आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हते.

या यंत्रात काहीही गरगर फिरत नाही. मुठीच्या टोकाला छोटी पटाशी बसते आणि ती मिनिटाला हजारो वेळा किंचित पुढे-मागे होते, जणू कोणी अदृश्य हातोडीने तिला सतत टिचक्या मारत आहे. बहुतेक यंत्रांत पटाशी लाकडावर टेकवून दाबली तरच हे ठोके सुरू होतात. उचलली की थांबतात. धूळ जवळजवळ होत नाही, ढलप्या निघतात, आणि ढलप्या झाडूने गोळा होतात. आवाजही ग्राइंडरच्या मानाने कितीतरी कमी. स्वतंत्र मोटरसह असे यंत्र मिळते, आणि लवचीक दांड्याच्या यंत्राची मूठ बदलून त्याच मोटरवर ही ठोक्याची मूठ बसवता येते. मात्र तिच्यासाठी फेरे उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत, म्हणजे बरेच कमी ठेवावे लागतात. उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पटाशीला धार लावत राहावी लागते, तंतूंच्या उलट गेल्यास ती लाकूड उचकटते, अगदी आतल्या कोपऱ्यांत ती पोहोचत नाही आणि फार वेळ वापरल्यास ठोक्यांचा कंप बोटांना बधिरता आणतो. म्हणून आम्ही वीस-पंचवीस मिनिटांनी थांबतो. परंतु ज्या आवारात दीडशे मुले झोपतात, त्या आवारासाठी हेच मुख्य यंत्र असावे, असा आमचा निर्णय झाला. फिरता बिट आता फक्त सफाईला, तोही पंखा चालू असताना.

ज्या घरात लहान मूल, दम्याचा रुग्ण किंवा वृद्ध व्यक्ती आहे आणि काम गॅलरीत किंवा बैठकीच्या खोलीत करायचे आहे, त्या घरासाठीही आमचे उत्तर हेच राहील. ज्यांच्याकडे वेगळी, हवेशीर जागा आहे त्यांनी लवचीक दांड्याचे यंत्र घ्यावे आणि पुढे त्यालाच ठोक्याची मूठ जोडावी.

लाकडाची निवडही यंत्राइतकीच महत्त्वाची. शिवण हलकी, सरळ तंतूंची आणि न पिळवटणारी. शिकण्यासाठी तिच्यासारखे लाकूड नाही. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसाठी परंपरेने वापरला जाणारा पांगारा फारच मऊ असतो. ठोक्याच्या पटाशीने तो लोण्यासारखा कापला जातो, फिरत्या बिटाने मात्र त्यावर लव उठते. शिसव कठीण असल्याने बारीक तपशील उत्तम धरतो. खोक्यांचे किंवा जुन्या दरवाजांचे लाकूड फुकट मिळते खरे, पण त्यातील खिळे, रंग आणि रसायने पाहिल्याशिवाय बिट लावू नये.

विद्यार्थ्यांच्या हाती आम्ही यंत्र देतो का, असे काही पालक विचारतात. नाही. नववीच्या खालील मुले आकृती काढतात आणि पॉलिश पेपरने घासतात. नववी-दहावीची मुले हाताच्या पटाशीने कोरतात. यंत्र केवळ शिक्षक आणि वर्गात येणारे प्रौढ माजी विद्यार्थी चालवतात. त्यांनाही डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा. मोकळे केस, ओढणी, गळ्यातील ओळखपत्राची फीत आणि विणलेले हातमोजे चालणार नाहीत. हातमोज्याने हात वाचतो, अशी समजूत आहे. फिरत्या बिटापाशी मोज्याचा एक धागा गुंतला की तो बोटासकट आत ओढला जातो.

राहिला अमेरिकेतील आपल्या विद्यार्थ्याचा प्रश्न. तेथील वीज 120 व्होल्टची आणि आपली 230 व्होल्टची. तिकडचे यंत्र येथे सरळ जोडले तर ते क्षणभर भयंकर वेगाने फिरेल आणि जळेल. व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण त्याची क्षमता यंत्राच्या वॅटहून चांगली जास्त हवी, आणि एक दिवस घाईत कोणीतरी ट्रान्सफॉर्मरविनाच प्लग लावणार, हे वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही सांगावे लागू नये. ग्राइंडरच्या चकत्यांचेही तसेच. तिकडच्या साडेचार इंची चकतीचे मधले भोक 22 मिलिमीटरचे, तर आपल्याकडील 100 मिलिमीटरच्या यंत्राला 16 मिलिमीटरचे भोक लागते. कवच काढून, वॉशर घालून मोठी चकती बसवण्याचा उद्योग करू नये.

म्हणून आम्ही त्याला शेवटी असे कळवले की, मोटर पाठवू नकोस, ती आम्ही येथेच 230 व्होल्टची घेऊ. तू दोन अर्ध्या चेहऱ्याचे, फिल्टर बदलता येणारे मास्क पाठव, त्यांच्या फिल्टरच्या चार जोड्या पाठव, आणि कार्बाइडचे तीन काटेरी बिट पाठव: एक गोल, एक ज्योतीच्या आकाराचा, एक लांबट. दांडा 3.2 मिलिमीटरचा पाहून घे. तिकडे पाकिटावर तो 1/8 इंच असा छापलेला असतो. 3/32 इंच लिहिलेला घेऊ नकोस. तो जवळपास 2.4 मिलिमीटरचा भरतो, आमच्या मुठीच्या चिमट्यात सैल बसतो, आणि सैल बसलेला बिट सुटून उडाला तर समोर कोण उभा आहे, हे पाहत नाही.